झाकणाचा कच्चा टाका

माझी वहिनी शवपेट्यांना आतून अस्तर लावायची. ऐकणाऱ्याच्या कपाळाला लगेच आठी पडते, म्हणून ती लोकांना नुसतं "शिवणकाम करते" एवढंच सांगायची. मी मात्र मुद्दाम सगळं सांगते. माझा दादा त्याच कारखान्यात सुतार होता. तो पेटी जोडायचा, मी बाहेरून पॉलिश मारायचे आणि वहिनी आत कापूस भरून त्यावर पांढरं सॅटिन ताणून बसवायची. दादा गेला तेव्हा त्याच्या पेटीचं अस्तरही तिनेच लावलं. दुसऱ्या कुणाला सुई धरू दिली नाही.

तिच्या कामात एक गोम होती, आणि ती आम्हा कारखान्यातल्यांनाच ठाऊक होती. तळाचं आणि बाजूंचं कापड ती मशीनवर पक्कं शिवून घ्यायची. झाकणाच्या कापडाला मात्र हाताने कच्चा धावदोरा घालायची आणि दोऱ्याचं एक टोक आतल्या बाजूला सुटं ठेवायची. ते ओढलं की सरसर सगळा दोरा निघून कापड मोकळं. का, तर तारणारा मेलेल्यांतून उठला, आणि त्याची माणसंही एक दिवस उठणार. हे तिने कुणाला पटवायचा प्रयत्न कधी केला नाही. कुणी विचारलं तर, "उद्या दूधवाला येणार" असं सांगावं तसं सांगायची.

कारखान्यातली पोरं चिडवायची. माझ्या जोडीचा पॉलिशवाला म्हणायचा, "वहिनी, आतून एक कडी पण बसवून देऊ का?"

"तुझ्या पेटीला मी मशीनच मारणार आहे," वहिनी म्हणायची. "तू उठलास की पहिला चहा मागशील."

मी स्वतः दादा गेल्यापासून रविवारच्या उपासनेला जाणं सोडलंय. मेलेला उठतो हे माझ्या गळी उतरत नाही, आणि उगाच मान डोलवायची मला सवय नाही. पण वहिनीला मी कधी हसले नाही. हसण्यासारखं त्यात होतं काय? इतरांनी जे तोंडाने म्हणायचं ते ती हातांनी करत होती, एवढंच.

मग एका बड्या व्यापाऱ्याचा अंत्यविधी आला. झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, नातेवाईक रांगेने दर्शन घेत होते. व्यापाऱ्याच्या मुलाने आधारासाठी झाकणावर हात टेकला, घड्याळाच्या पट्ट्यात ते दोऱ्याचं टोक अडकलं, आणि त्याने हात उचलताच सगळं सॅटिन पडद्यासारखं खाली आलं. कापूस थेट त्याच्या काळ्या कोटावर. मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसणं त्याला बापाच्या मरणापेक्षा जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात हजर. सोबत चर्चचे पाळकसाहेब. मालकांनी वहिनीला बोलावलं, मागोमाग मीही आत शिरले. वहिनीने लपवाछपवी केली नाही, जे होतं ते सांगितलं.

व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या वडिलांच्या पेटीत तुम्ही हे असले खेळ केलेत?"

मालक वेगळ्या धर्माचे, बिचारे खरोखर गोंधळलेले. त्यांनी पाळकांनाच विचारलं, "तुमच्यात असं काही असतं का हो?"

पाळकसाहेब हसले. ते हसणं मी विसरणार नाही. "नाही, नाही. पुनरुत्थानाचा अर्थ खोल आहे. असं शब्दशः घ्यायचं नसतं. या बाई साध्या आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दर वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी टेबलावर मूठ आपटून सांगता, प्रभू देहासकट उठला म्हणून," मी म्हटलं. "आणि हे साहेब पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने म्हणतात, खरोखर उठला. ते काय होतं मग? बोलाचीच कढी?"

"ताई, तुम्ही तर उपासनेला येतच नाही," पाळकसाहेब म्हणाले.

मालकांना भांडण नको होतं. ते वहिनीला म्हणाले, "वहिनी, इतक्या वर्षांचं तुमचं काम आहे. चूक झाली म्हणा, इथून पुढे झाकणाला पक्की शिलाई घालीन म्हणा. विषय संपला."

मी मनात म्हटलं, म्हण बाई, म्हणून टाक. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार तिला?

वहिनीने मालकांकडे सरळ बघितलं. मग म्हणाली, "नवऱ्याच्या पेटीला कच्चा टाका घातलाय मी. आता ती चूक होती असं म्हणू?"

तिने कात्री, अंगुस्तान, सुयांचा डबा पिशवीत टाकला आणि ती घरी आली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाळकसाहेब समजूत घालायला आले. मी दार लावूनच घेणार होते, पण वहिनीने त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला.

"वहिनी, एवढा हट्ट कशाला?" ते म्हणाले. "ज्याने थडग्याच्या तोंडावरची धोंड बाजूला सारली, त्याला तुमच्या कच्च्या टाक्याची काय गरज?"

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता.

"त्याला कशाला लागेल," वहिनी म्हणाली. "आतल्या माणसाला लागेल ना. अंधारात जाग आल्यावर माणूस घाबरतं. हाताला काहीतरी लागलं की बरं वाटतं."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. निघताना दारात एका पायात बूट घालून थांबले आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "माझ्या आईच्या झाकणालाही..."

"हो तर," वहिनी म्हणाली. "फक्त टोक डाव्या हाताला ठेवलंय. त्या डावखुऱ्या होत्या ना."

ते तसेच पायरीवर बसले आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखे रडले. वहिनी त्यांच्या शेजारी बसून राहिली. मला मात्र दया आली नाही.

"रडून काय होणार?" मी म्हटलं. "उद्या सकाळी कारखान्यात चला आणि मालकांना सांगा, ही बाई मानते तेच मीही मानतो."

त्यांनी डोळे पुसले, दुसरा बूट घातला. "बघतो," म्हणाले.

ते अजून बघतायत. कारखान्यात आता झाकणाच्या अस्तराला पिना ठोकतात.