वल्लरीची सुनावणी

देवासच्या वल्लरीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौदाव्या वर्षी, आणि सोळाव्या वर्षी ती भारताच्या युवा संघातून शिडाच्या होडीची शर्यत खेळायला पोलंडला गेली. देवासमध्ये आजही कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी नीट ऐकून घेतो आणि मग विचारतो, "पण भिया, आपल्याकडे होडी चालवतात कुठे?"

तिचे वडील नीलेश यांना या प्रश्नाचा कंटाळा आलेला नाही. ते गिअरच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दुसऱ्या पाळीहून घरी येताना कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं विचारलं तरी स्कूटर बंद करून, हेल्मेट काढून सगळं सविस्तर सांगतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर सरकारी अकादमी आहे, तिथे बाराव्या वर्षी तिची निवड झाली, वसतिगृहात राहते, शाळाही तिथेच, सगळं.

निवडीची सुरुवात मात्र नेमावरला झाली असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी संक्रांतीला घरचे नर्मदेच्या स्नानाला नेमावरला जात. वल्लरी नऊ वर्षांची असताना पलीकडच्या तीरावर नेणाऱ्या नावेत ती वल्हं मागत बसली. नाव चालवणाऱ्या मालननं हसत तिच्या हाती वल्हं दिलं, आणि काठ येईपर्यंत परत मागितलं नाही. ते उतरत असताना मालन नीलेशना म्हणाली, "बाबूजी, इसको पानी समझता है." मुलीला पाणी समजतं असं म्हणायचं होतं, की पाण्याला मुलगी समजते, हे नीलेशना आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण तीन वर्षांनी शाळेच्या फलकावर अकादमीच्या चाचणीची सूचना लागली तेव्हा त्यांना मालन आठवली आणि त्यांनी अर्ज भरला.

आई सुनेत्रा यांना ते पटलं नव्हतं. त्या पीपलरावां गावच्या शाळेत गणित शिकवतात, रोज बसनं जाऊन येऊन. माहेर देवासचंच. आजोबा-पणजोबा संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे घरात मराठी जुन्या वळणाची. "बारा वर्षांची पोर वसतिगृहात ठेवायची, तीही वाऱ्यावर होडी सोडायला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी ट्रंक काढून दिली.

भोपाळला वल्लरी चार वर्षं शिकली. एकट्यानं चालवायची होडी, एक शीड, एक सुकाणू. पालथी झाली तर स्वतःच सरळ करायची. तलावाचा वारा लहरी. टेकडीआडून येतो, मध्येच पडतो, दुसऱ्याच बाजूनं उठतो. पाण्यावर कुठे बारीक काळसर सुरकुती पडते आहे हे बघत राहायचं, कारण वारा तिथून येतो. वल्लरीला ती सुरकुती इतर मुलींच्या आधी दिसायची. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पदक मिळालं आणि जुलैमध्ये सहा मुलांच्या संघात तिचं नाव आलं.

पोलंडच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशीच तिचा सगळा तोरा उतरला. समुद्र थंड, करडा आणि उभा. लाट आली की होडीचं नाक आत घुसायचं आणि चेहऱ्यावर बादलीभर पाणी. मुलींच्या गटात चोपन्न होड्या. पहिल्या शर्यतीत ती एक्केचाळिसावी आली, दुसरीत चव्वेचाळिसावी. दुसऱ्या दिवशी अडतिसावी आणि पुन्हा एक्केचाळिसावी. एका शर्यतीत तर होडीच्या काठाला धरून ओकली, तोंड धुतलं आणि पुढे निघाली.

संघातली सर्वांत मोठी मुलगी पुण्याची अवंती. दोघी एका खोलीत होत्या. अवंतीला वल्लरीच्या मराठीची गंमत वाटायची. "तू 'मला चक्कर येऊन राहिले' म्हणतेस. ही मराठी आहे की हिंदी?"

"आमच्याकडे ह्यालाच मराठी म्हणतात," वल्लरी म्हणाली. तिला राग आला नव्हता. रागवायला अंगात ताकदच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र सपाट पडला. वाराच नाही. दोन तास सगळ्या होड्या पाण्यात ताटकळत उभ्या. मग पुसटसा वारा सुटला आणि शर्यत सुरू झाली. मोठ्या लाटांवर वाघासारख्या धावणाऱ्या मुली आता चुळबुळत होत्या, शीड उगाच ओढत होत्या. वल्लरी मात्र शांत बसली. डावीकडे दूरवर पाण्यावर सुरकुती दिसली, ओळखीची, भोपाळसारखी. सगळ्या उजवीकडे चालल्या होत्या. ती एकटी डावीकडे गेली.

पहिल्या वळणाला ती पाचवी होती. शेवटच्या टप्प्यात तिसरी. ती रेषा ओलांडून गेली तेव्हा बचाव बोटीवर उभ्या असलेल्या प्रशिक्षक वीरेंद्र सरांनी टोपी काढून परत घातली. चोपन्नात तिसरी. त्या स्पर्धेत तोवर भारतीय संघातल्या कुणाचाही एवढा वर नंबर आला नव्हता.

होडी किनाऱ्यावर ओढून, शीड गुंडाळून ती खोलीकडे निघाली तेव्हा सर समोरून आले. हातात एक कागद.

"बेटा, प्रोटेस्ट आया है तुम पर."

डेन्मार्कच्या फ्रेया नावाच्या मुलीनं तक्रार केली होती. दुसऱ्या टप्प्यात वल्लरीनं तिच्या वाटेत अगदी जवळ होडी वळवली, त्यामुळे टक्कर टाळायला तिला एकदम बाजूला व्हावं लागलं आणि तिच्या चार जागा गेल्या, अशी. हे खरं ठरलं तर वल्लरीची ती शर्यतच बाद होणार होती आणि तिच्या खात्यात तीनऐवजी पंचावन्न गुण लागणार होते. या खेळात जितवा नंबर तितके गुण, बाद झालं तर एकूण होड्यांपेक्षा एक जास्त; आणि ज्याचे गुण जास्त तो खाली.

पाण्यावर पंच थोडे, होड्या पुष्कळ. म्हणून अशी तक्रार आली की संध्याकाळी समिती बसते आणि दोन्ही खेळाडूंचं ऐकून निकाल देते. दीड तासानं सुनावणी होती.

"आत मी येऊ शकत नाही," सर हिंदीत म्हणाले. "खेळाडूनं स्वतःच बोलायचं. दुभाषा मागता येतो, पण आपल्या संघातला चालणार नाही, आणि इथे हिंदी जाणणारा दुसरा कुठून आणायचा?"

"म्हणजे इंग्लिशमध्ये?"

"इंग्लिशमध्ये."

वल्लरी हिंदी माध्यमातली. इंग्रजी वाचता यायचं, समजायचंही बरंच, पण बोलायची वेळ आली की वाक्य जुळायचं नाही. ती होडीच्या ट्रॉलीवर बसली आणि हात चोळू लागली. दोरीनं बोटं सोलवटली होती.

अवंतीनं तिला उठवलं. "आधी मला सांग, झालं काय होतं? मराठीत सांग, हिंदीत सांग, कशातही सांग."

वल्लरीनं सांगितलं. नियम साधा होता. वळत असलेल्या होडीनं दुसरीच्या आड यायचं नाही. वळण पूर्ण झालं की मग मागून येणारीनं सांभाळून जायचं, फक्त तिला सांभाळायला वेळ मिळाला पाहिजे. "मी वळले तेव्हा ती दोन होड्यांइतकी लांब होती. माझं शीड भरलं, मी बाहेर झुकून बसले, मग ती ओरडली. माझं वळण झालं होतं. पक्कं झालं होतं."

"मग हेच सांगायचं," अवंती म्हणाली आणि कागदावर सुंदर इंग्रजी वाक्यं लिहू लागली. वल्लरीनं ती अकरा वेळा वाचली. बाराव्यांदा वाचताना तिला कळलं की आत गेल्यावर यातलं एकही आठवणार नाही.

समितीची खोली क्लबच्या वरच्या मजल्यावर होती. संध्याकाळचे सात वाजले होते तरी बाहेर दुपारसारखं ऊन होतं. लांब टेबलामागे तिघं बसलेली. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या प्रमुख. टेबलावर बोटाएवढ्या लाकडी होड्या आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण. फ्रेया आधीच आली होती. वल्लरीपेक्षा हातभर उंच, नाकावर उन्हानं सालपटं निघालेली.

आधी फ्रेया बोलली. भरभर, छान इंग्रजीत. निळी होडी तिची, लाल वल्लरीची. तिनं लाल होडी निळीच्या नाकाजवळ वळवून दाखवली आणि निळी झटकन बाजूला केली. समितीतले लिहून घेत होते.

मग बाईंनी वल्लरीकडे पाहिलं. खिशात अवंतीचा कागद होता. वल्लरीनं तो बाहेर काढला, उलगडला, आणि अक्षरं नुसतीच हलत राहिली. तिनं तो परत घडी करून टेबलावर ठेवला.

"माय इंग्लिश इज स्मॉल," ती म्हणाली. "आय शो."

बाईंनी मान हलवली. कुणी हसलं नाही.

तिनं दोन्ही होड्या मागे नेल्या. बाण तपासला. लाल होडी हळूहळू वळवली, एका बोटानं, जशी खरी वळते तशी, आणि वळण संपल्यावर थांबवली. मग लाल आणि निळीच्या मधल्या रिकाम्या जागेत आणखी दोन लाकडी होड्या उचलून एकामागे एक ठेवल्या. "टू बोट. हिअर. एम्प्टी."

"फ्रेया म्हणते अर्धी होडी," समितीतला एक जण हळू इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही म्हणता दोन. तुम्ही तिला प्रश्न विचारू शकता."

विचारता येतं हे वल्लरीला ठाऊक नव्हतं. ती फ्रेयाकडे वळली. घरी गणिताचं उदाहरण चुकलं की आई कधी उत्तर सांगायची नाही, फक्त विचारायची, आधीची पायरी कुठली? वल्लरीनं आधीची पायरी शोधली.

"यू टर्न युअर बोट," ती निळ्या होडीवर बोट ठेवून म्हणाली. "दॅट टाइम, यू सी माय बोट. विच? फ्रंट? साइड? बॅक?"

फ्रेयानं डोळे बारीक केले. आठवायचा खरा प्रयत्न करत होती. "मागची बाजू," ती इंग्रजीत म्हणाली. "तुझं सुकाणू दिसत होतं. अगदी समोर."

"बॅक," वल्लरी म्हणाली. समितीतल्या दुसऱ्या सदस्यानं लिहिणं थांबवून वर पाहिलं. लाल होडी वळत असती तर कूस दिसली असती. मागची बाजू दिसली म्हणजे ती वळून सरळ झाली होती.

"अँड यू शाउट. फर्स्ट शाउट, देन टर्न? ऑर फर्स्ट टर्न?"

फ्रेयानं निळी होडी पुन्हा मागे नेऊन पाहिली. "आधी ओरडले," फ्रेया म्हणाली. "वाटलं तूच हलशील. मग मी वळले."

"सो, टाइम वॉज देअर," वल्लरी म्हणाली आणि खुर्चीवर टेकली.

दोघींना बाहेर पाठवलं. जिन्यात दोघी शेजारी बसल्या. थोड्या वेळानं फ्रेयानं आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि वल्लरीनं दोन घोट घेतले. वल्लरीच्या मनात येत होतं की हिनं "कूस दिसली" म्हटलं असतं तर? कुणाला कळणार होतं? पण ती तसं म्हणाली नाही.

वीस मिनिटांनी बोलावलं. बाईंनी निकाल वाचला. लाल होडीचं वळण पूर्ण झालं होतं, निळीला सांभाळायला वेळ होता, तक्रार फेटाळली. मग चष्मा काढून त्या वल्लरीला म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी लहान असेल, पण प्रश्न फार चांगले होते." फ्रेयानं हात पुढे केला. वल्लरीनं तो दोन्ही हातांनी धरला.

खाली सगळा संघ उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळेना. "तिसरी," ती म्हणाली. "तिसरीच राहिली." वीरेंद्र सरांनी तोंड फिरवलं आणि उगाच एका होडीची दोरी आवळायला घेतली. अवंतीनं विचारलं, "माझं कुठलं वाक्य उपयोगी पडलं?"

"एकही नाही," वल्लरी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की क्लबमधले लोक वळून बघायला लागले.

उरलेल्या दोन दिवसांत वारा परत चढला. ती बावीस, सव्वीस, एकोणीस अशी येत गेली आणि शेवटी चोपन्नात अठ्ठाविसावी ठरली. पदक नाही. पण लाटेत नाक घुसू न देता होडी कशी चालवायची हे तिला त्या दोन दिवसांत समजलं, आणि शेवटच्या शर्यतीत तिच्या मागे पस्तीस मुली होत्या.

देवासला परतल्यावर आठवडाभर घरी माणसं येत राहिली. कॉलनीतले, कारखान्यातले, कन्नौदहून मावशी. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "मेडल?" नीलेश सांगत, "नाही. अठ्ठाविसावी," आणि पुढे बोलायला तोंड उघडत, तोवर सुनेत्रा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर येत.

"बसा," त्या म्हणत. "तिनं काय विचारलं ते मी सांगते."

मग त्या पायरीपायरीनं सगळं सांगत. वारा कुठून होता, कोण आधी ओरडलं, कुणाला काय दिसलं. एकदाही क्रम चुकत नसे. आतल्या खोलीत वल्लरी भोपाळला परत जायची बॅग भरत होती. आईचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा. तिनं कपड्यांची घडी तशीच मांडीवर ठेवली आणि ऐकत बसली.