आंबेमळ्यातली अंजिरा

आधीच सांगतो, मी असे अनुभव चहाबरोबर वाचून सोडून देणारा माणूस आहे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आमच्याकडे पार्ट मोजल्याशिवाय पुढे जात नाही, आणि मोजला नसेल तर रिपोर्टवर सही होत नाही. उभ्या नोकरीत मी खोटी सही केली नाही... घरच्या बाबतीत मात्र केली, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमचं मूळ गाव तळवडे. गावात आम्हाला अजूनही 'आंबेमळ्यातले' म्हणतात. मळा राहिला नाही, तिथे आता एका आयटी कंपनीचं पार्किंग आहे, पण नाव राहिलंय. मुलाचं, नितीनचं, लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात आलं की हॉलच्या दाराशी घराण्याची वंशावळ लावावी. मोठा फ्लेक्स. वर पहिलं जोडपं, खाली फांद्या, अगदी तळाला नितीन आणि होणारी सून.

पहिलं जोडपं म्हणजे राणोजी आणि त्यांची बायको – माझे खापरपणजोबा आणि खापरपणजी. पुण्याकडे रेल्वे आली त्या सुमाराची माणसं. आमच्या देवघरात त्यांचा टाक आहे. चांदीच्या छोट्या पत्र्यावर दोघं शेजारी शेजारी उभी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या पुसून चेहरे सपाट झालेत. राणोजींचं नाव सगळ्यांना ठाऊक. तिला मात्र पूजेत नुसतं 'आई' म्हणायचं.

तिच्या नावासाठी मी साप्ताहिक सुट्ट्या घालवल्या. तहसील कचेरीत चकरा मारल्या, मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींचे पाय धरले. कागदांत राणोजी सापडले, त्यांचे भाऊ सापडले. एका ठिकाणी त्यांच्या विहिरीचंसुद्धा नाव होतं. बायकोचं कुठेच नव्हतं.

शेवटी फ्लेक्स छापायला टाकायची वेळ आली. तळवडे चौकातल्या डीटीपीच्या दुकानात दुपारी मी पूजा नावाच्या ऑपरेटर मुलीशेजारी बसलो होतो. सगळी नावं भरून झाली, वरचा एक चौकोन रिकामा राहिला.

"काका, इथे काय टाकू? रिकामा बरा नाही दिसत."

मी म्हणालो, "अंजिरा."

हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो – निदान मला तसंच वाटलं. तिने टाइप केलं, मी प्रूफवर सही केली.

घरी येईपर्यंत ती सही मला टोचायला लागली. सगळी भावकी त्या फ्लेक्ससमोर फोटो काढणार, पोरं ते मोबाइलमध्ये जपून ठेवणार, आणि माझी थाप पुढच्यांसाठी खरी होऊन बसणार. जिचं नाव आधीच कुणी ठेवलं नव्हतं, तिच्यावर मी भलतंच नाव चिकटवून मोकळा झालो होतो. फ्लेक्स घरी आला तेव्हा तो गुंडाळून माळ्यावर टाकावा असं वाटलं. पण माझी आत्या दारातच बसलेली. ऐंशीच्या पुढची, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. तिने नितीनकडून एकेक नाव वाचून घेतलं.

"ही अंजिरा कोन रं, रमेश?"

"राणोजीबाबांची बायको, आत्या. जुन्या कागदात सापडलं."

"कागदात? बायकांची नावं कवापासनं ल्ह्याय लागलं कागदात?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

हळदीच्या दिवशी सकाळी नितीनला हळद लागली. आमच्यात नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला पाठवतात, ती पोचल्याशिवाय तिकडची हळद सुरू होत नाही. नवरीचं गाव चाकणच्या पलीकडे. गाडी चालवायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी निघालो. शेजारी आत्या, मांडीवर हळदीची वाटी. चाकण चौकात ट्रेलरच्या रांगेत अडकलो.

आत्या म्हणाली, "तोंड का असं? लगीन तुझ्या पोराचं हाय का तुझं?"

मी हसून वेळ मारून नेली.

त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. मुलगी तळेगावला तिच्या मामाकडे बघितलेली, साखरपुडा हॉलवर झालेला. मांडवात बायका जात्याभोवती बसून गाणी म्हणत आमची वाट बघत होत्या. आवतणाची गाणी – आधी देवांना हळदीला बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. मी चप्पल काढत होतो, आणि कानावर आलं –

*आवतान धाडा, धाडा तळवड्याला,*
*आंबेमळ्यातल्या अंजिराबाईला...*

माझा एक पाय चपलेतच राहिला. आत्याने माझं मनगट धरलं. हळदीच्या हाताने धरलं, शर्टाच्या बाहीवरचा तो डाग अजून गेलेला नाही.

गाणं संपल्यावर तिने जात्यापाशी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "बाई, ही अंजिरा कोन?"

"तुमच्याच गावची देवी आसल की. आमच्या सासूच्या आदीपासनं म्हनत्यात. लगीन निघालं की तिला बोलवायचं."

"तळवड्याला ह्या नावाची देवी न्हाई. आन आंबेमळा म्हंजी आमीच."

म्हातारीने जात्याचा खुंटा सोडला. मग ती म्हातारी हळूच म्हणाली, "मंग आमची लेक आसल. तुमच्याकडं दिल्याली."

त्या घराने दिलेल्या लेकीला ते प्रत्येक लग्नात बोलवत होते, फक्त ती कोण हे विसरले होते. आणि आमच्याकडे ती टाकावर उभी होती, नाव हरवून.

परतताना मी गाडी बाजूला घेतली आणि आत्याला सगळं सांगितलं. कागदबिगद काही नव्हतं, ते नाव मी मनाने रचलं होतं. आत्या हसायला लागली.

"तू? नितीनच्या बारशाला तुला नाव सुचंना, शेवटी मीच ठेवलं. आन हे बरं सुचलं?"

"मग कुणी सांगितलं, आत्या?"

"जिचं हाय तिनं. चल, जेवनं खोळंबली आसत्याल."

लग्न झालं. फ्लेक्ससमोर सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. पण डोक्यातून जाईना. म्हणून पेढे द्यायच्या निमित्ताने पूजाच्या दुकानात गेलो आणि विचारलं, ते वरचं नाव मी कसं सांगितलं, आठवतं का?

"आठवतं की, काका. मी विचारलं, अंजिरा की अंजिराबाई? तुम्ही म्हणालात, घरात नुसतं अंजिराच म्हणतो आम्ही. तुम्ही इतकं सहज बोललात, मला वाटलं, आजी आहेत अजून."

हे मी बोललो होतो? मला आठवत नाही. तिने विचारल्याचंही आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, लहानपणी कानावर पडलं असेल. आत्याच्या कानावर कधी पडलं नाही, माझ्या कुठून पडणार? मला भीती वाटली का, असंही काहींनी विचारलं. नाही वाटली. उलट छातीवरचं ओझं उतरलं. आता रोज पूजेला मी दोघांची नावं घेतो. टाक पुसताना चेहऱ्यांवरून बोट हलकं फिरवतो.

मागच्या महिन्यात सुनेच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आम्ही हळदीला मुद्दाम लवकर गेलो. बायकांनी अंजिराबाईला बोलावलं, आणि त्या म्हातारीने एक नवी ओळ जोडली – येताना राणोजीला संगं घेऊन या. आत्याने पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाली, "बघ, जोडीनं बोलावनं आलं."

आमच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'कारण' असा रकाना असतो. या बाबतीत तो माझ्याकडे अजून रिकामा आहे. त्यात मनाचं काही भरणार नाही.