दिपमालाची उषा

पारोळ्याच्या बसस्टँडमागे उषा साळवेचं शिवणाचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्याच हातचे. वय एकोणपन्नास, लग्न झालेलं नाही. तिनं तशी काही शपथ घेतली नव्हती. दोन ठिकाणी जुळत आलं, दोन्हीकडे फिसकटलं, मग वडील गेले आणि विषय काढणारंच कोणी उरलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या बायका मात्र दर नाताळाच्या प्रार्थनेत तिच्यासाठी स्थळ मागायच्या, आजाऱ्यासाठी गुण मागावा तसं.

दिपमाला पावरा तिला भेटली ती अशाच एका प्रार्थनेत. उपकेंद्रात नर्स म्हणून नुकती बदलून आलेली. बायका तिच्याही डोक्यावर हात ठेवायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "मागायचंच असेल तर माझ्यासाठी एक स्कूटी मागा. नवरा नको. प्रभू येशू तरी कुठं संसारी होता? त्याचं काय अडलं?"

उषाला हसू आवरेना. त्याच पावसाळ्यात दोघींनी दुकानामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि सतरा वर्षं तिथं एकत्र काढली.

दिपमाला बेसूर गायची, पण गाण्याशिवाय तिची संध्याकाळची प्रार्थना व्हायची नाही. उषा पंखा बंद करायची, ती चालू करायची. शुक्रवारी घरात कोणीतरी जेवायला असायचंच: शेजारची आबेदा, आयटीआयला शिकणाऱ्या पाड्यावरच्या मुली, नाहीतर स्टँडवर बस चुकलेली एखादी म्हातारी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता उषा कुरकुरायची. दिपमाला म्हणायची, "आपल्याला लेकरं नाहीत, म्हणून ताटं कमी कशाला मांडायची?"

पण तीही काही दगडाची नव्हती. लसीकरणाच्या दिवशी घरी आली की हात धुऊन नुसती बसून राहायची. "तान्ह्या पोरांचा वास हाताला राहतो गं उषे," एवढंच एकदा म्हणाली होती. त्या दिवशी उषानं पंखा बंद केला नाही.

गेल्या फेब्रुवारीत दिपमालाच्या पोटात गाठ निघाली. उपचार जळगावला. ऐन जूनमध्ये, गणवेशाच्या हंगामात, उषानं दुकानाला कुलूप लावलं आणि दवाखान्यात तिच्या खाटेखाली सतरंजी टाकली. तिला पुसणं, भरवणं, वांतीचं भांडं धरणं, सगळं तिनंच केलं. तिथल्या ऑफिसातली बाई रोज कागद घेऊन यायची आणि विचारायची, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"मैत्रीण."

"नातेवाईक कोणी नाही का?"

मग चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून दिपमालाचा भाऊ खाज्या यायचा, सही करायचा आणि शेताची कामं पडलीत म्हणून परत जायचा. माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या पायाशी उभा राहून डोळे पुसायचा.

ऑगस्टमध्ये एका दुपारी उषा तिला चमच्यानं पाणी पाजत होती. दिपमाला म्हणाली, "मला धुळ्याला, आपल्या मंडळीच्या कबरस्तानात ठेव. शेजारची जागा तुझ्यासाठी राखायला सांग. गावाला नको, तिथं तू येशील कशी?" दुसऱ्या दिवशी ती गेली.

खाज्या गाडी घेऊन आला. उषा म्हणाली, "भाऊ, तिला धुळ्याला न्यायचं आहे. तिनं मला सांगितलं होतं."

खाज्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. "सांगितलं असंल, बाई. पण आईला चालता येत नाही. तिनं पोरीचं तोंड कधी बघायचं?"

उषानं खाटेखालची सतरंजी गुंडाळली. गाडीत भाऊबंद बसले, चुलते बसले, शेजारचे दोघं बसले. तिच्यासाठी जागा धरायचं कोणाच्या मनातच आलं नाही. ती चोपड्याच्या एसटीत उभ्यानं गेली, पुढं काळीपिवळी जीपमध्ये बसली, चिखलातून तीन किलोमीटर चालली. पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. वर दगड रचायचं काम चाललं होतं.

खाज्याची बायको रुपली पाणी घेऊन आली. "खूप लांबून आल्या. तुम्ही तिच्यासोबत नोकरीला होत्या का?"

उषानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

रविवारी पारोळ्याच्या उपासनेत तरुण पाळक हितेंद्र यांनी प्रार्थना केली: दिपमालाताईंच्या आईचं सांत्वन कर, भावाचं, भावजयीचं सांत्वन कर. आमेन. उषा तिसऱ्या रांगेत डोळे मिटून आपल्या नावाची वाट बघत राहिली. बाहेर चपला घालताना मंडळीतल्या झुंबरबाईनं तिचा हात धरला. "आते एखली कशी ऱ्हाशी माय? चोपडाना एक बिजवर शे, चांगला शे. आम्ही प्रार्थना करतस."

"अक्का," उषा म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की सगळे वळून बघायला लागले, "माझं घर मोडलंय. सतरा वर्षांचं घर होतं ते! तुम्ही त्याच्यासाठी एक आसू ढाळलं नाही, आणि मला नवीन घर बसवायला सांगताय?"

ती चालत निघाली.

दोन दिवसांनी हितेंद्र दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून म्हणाले, "ताई, चुकलं माझं. तुम्ही तिच्या कोण, हे मला माहीत असून मी तुमचं नाव घेतलं नाही." उषा मशीन चालवत राहिली. धागा तुटला, तरी चालवत राहिली. झुंबरबाई त्या शुक्रवारी डब्यात भरीत घेऊन आली आणि न बोलता सोबत जेवली. पुढच्या शुक्रवारी आबेदा आली. उषा वाढायची, पण स्वतःचं ताट तसंच सारून ठेवायची. प्रार्थनेला बसली की तिच्या तोंडून एकच यायचं: देवा, मी तुझ्यावर रागावले आहे. दिपमाला असती तर म्हणाली असती, हीसुद्धा प्रार्थनाच. पण ती नव्हती.

नोव्हेंबरात उषा पुन्हा त्या गावाला गेली. दिपमालाची आई ओट्यावर गोधडीत बसली होती. म्हातारीला मराठी फारशी येत नव्हती, म्हणून रुपली मधे बसली. म्हातारी उषाच्या तोंडाकडं बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

रुपली म्हणाली, "आई विचारते, शेवटी शेवटी ती काय खात होती? भावाला काहीच सांगता येत नाही."

उषाला सगळं माहीत होतं. ती सांगत गेली. जुलैमध्ये दिपमाला मऊ भात खायची. नंतर नुसती पेज. एकदा तिनं बोरं मागितली, पण बोरांचे दिवस नव्हते. शेवटच्या आठवड्यात चमचाभर ताक, तेही उषानं गाणं म्हटलं तर. दुखायला लागलं की आईला हाक मारायची, पावरी बोलीत. उषाला शब्द कळायचे नाहीत, पण हाक कळायची.

रुपली वाक्य वाक्य करून म्हातारीला पावरीत सांगत होती. मधेच तिलाही पुढचं सांगवेना. म्हातारीनं गोधडीतून हात बाहेर काढला आणि उषाला जवळ ओढलं. ऑगस्टपासून उषा कोणाच्या देखत रडली नव्हती. त्या ओट्यावर, शब्द न कळणाऱ्या बाईच्या मांडीत तोंड खुपसून, ती पोटच्या पोरीसारखी रडली.

चोपड्याची शेवटची गाडी निघून गेली. रुपली उठून चुलीकडं गेली आणि भाकरीच्या पिठात अजून दोन मुठी घातल्या.