घट्ट ते आपलं

आमच्या नोएडाच्या प्रयोगशाळेत टाकीतले जिवाणू पाच दिवस साखर खातात आणि एक चिकट बायोपॉलिमर बनवतात. तो वेगळा काढायला दोन मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या गाळण्या. पहिलीवर जिवाणू अडकतात, गाळून खाली येतं ते आपलं. दुसरीचं नेमकं उलट. तिथे पॉलिमर वरच राहतो, खाली जातं ते नुसतं पाणी.

माझ्या हाताखालची मुलगी लातूरकडची, सहा महिन्यांच्या करारावर आलेली. तिने दुसऱ्या मेम्ब्रेनच्या टाकीवर चिठ्ठी चिकटवली होती: ‘घट्ट ते आपलं’. पाहुणे येणार म्हणून मी ती ओरबाडून काढली. बालवाडी आहे का ही, असंही वर ऐकवलं. ती नुसती हसली.

तिच्या शेवटच्या बॅचची पावडर चांगली निघाली, तर करार वाढणार होता. त्या दुपारी ती सकाळपासून उपाशी होती, म्हणून मीच तिला जेवायला पिटाळलं. दुसऱ्या मेम्ब्रेनचं गाळणं संपलं. खालचा कॅन काचेसारखा स्वच्छ भरला होता. मी त्याला झाकण लावलं, लेबल डकवलं आणि टाकी धुवायला तळाचा व्हॉल्व्ह उघडला. घट्ट, पांढरट सगळं गटारात गेलं. वर मी पाणीही सोडलं. मग एकदम लक्षात आलं आणि मी झटकन व्हॉल्व्ह बंद केला.

ती परत आली, पाठोपाठ प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर आले. बॅच कुठे गेली, असं त्यांनी तिलाच विचारलं, हिंदीत, जरा चढ्या आवाजात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाबाच्या काट्याकडे बघत उभी राहिले. वीस वर्षं हेच काम केलेली बाई मी, असली चूक माझी कशी म्हणायची? मेली लाज आडवी आली, दुसरं काही नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मयूर विहारहून पहिली मेट्रो धरली आणि सरांना सगळं सांगून टाकलं. करार न वाढवण्याचं पत्र आदल्या संध्याकाळीच गेलं होतं, तिच्या जागी दुसरं माणूसही ठरलं होतं.

“कल बोलना था, मैडम,” ते म्हणाले.

मी तिला फोन लावला. ती खोलीवर सामान बांधत होती. व्हॉल्व्ह मी उघडला गं, म्हटलं.

“माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प होते.”