रानमेंढ्यांनीही ऐकलेली हाक

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. गुहागरला आई सांगायची, भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कुणी बाहेरून हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतंच, दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. मी मुद्दाम पहिल्याच हाकेला खच्चून ओ द्यायचे आणि बोलणी खायचे.

जागा : ब्रिटिश कोलंबियातलं ओसोयूस. कॅनडा म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो, पण इथे चक्क वाळवंटी भाग आहे... निवडुंग, करडी झुडपं, शेपटीचा खुळखुळा वाजवणारे रॅटलस्नेक, आणि वर डोंगरात बिगहॉर्न, म्हणजे रानमेंढ्या. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी आणि रूपाली त्या बघायला गेलो होतो.

रूपाली माझी शाळेपासूनची मैत्रीण. कॉलेज एकत्र, व्हिसा एकत्र, सरे शहरातलं भाड्याचं बेसमेंटही एकत्र. माझे बाबा गेले आणि मला तिकीट मिळेना, तेव्हा याच मुलीने मला घास भरवलेत. बहीण मानायचे मी तिला.

वर चढताना माझा पाय मुरगळला. टेकवत नव्हता. फोनला रेंज नाही, ऊन मी म्हणत होतं, आणि पाण्याची उरलेली एकमेव बाटली रूपालीच्या सॅकमध्ये.

"माधे, तू इथून हलू नकोस. मी खाली जाऊन हेल्प घेऊन येते."

"पाणी ठेवून जा ना."

"अगं, मलाही उतरायचंय. आलेच म्हटलं ना."

मला राग आला, पण बसले. भर दुपार झाली तरी ती आली नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती. आणि मग डावीकडच्या घळीतून हाक आली : "माधेऽऽ..."

रूपालीचाच आवाज. 'धे' लांबवायची तिची सवयही तीच. माझा जीव भांड्यात पडला. मी पहिल्याच हाकेला ओ दिली आणि एका पायावर लंगडत, बुडावर घसरत घळीकडे निघाले.

वाटेत रानमेंढ्या उभ्या होत्या. आखूड शिंगांच्या पाच-सहा माद्या आणि एक कोकरू, वाट अडवून, एकमेकींना खेटून. ही जनावरं माणसाची चाहूल लागली की पळतात. या ढिम्म. मी हुसकावलं, शेवटी दगडसुद्धा मारला... लाज वाटते सांगायला. तो एकीच्या खांद्याला लागला, तरी ती जागची हलली नाही.

तेवढ्यात दुसरी हाक आली, जरा जवळून. आणि त्या सगळ्या मेंढ्यांचे कान एकदम घळीकडे वळले. कोकरू आईच्या पोटाखाली शिरलं.

मी तिथेच बसले. तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आलीच नाही.

बऱ्याच वेळाने कुत्र्याला फिरवणारे एक वयस्कर गोरे गृहस्थ वरच्या वाटेने आले, तेव्हा कुठे मेंढ्या पांगल्या. त्यांनी पाणी पाजलं. घळीत माझी मैत्रीण आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "तिथे कुणी उतरत नाही. पुढे सरळ कडा तुटलाय, आणि कपारीत रॅटलस्नेक आहेत." तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी काठावरून हाका मारल्या, वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

त्यांच्या आधाराने खाली आले तर पार्किंगमध्ये रूपालीची गाडीच नाही. मदत आणायला जाताना वाटेत तिला काही झालं असेल म्हणून मी रडत होते, आणि ते बिचारे माझी समजूत काढत होते.

संध्याकाळी क्लिनिकमधून तिला फोन लागला. ती सरेला पोचली होती. बेसमेंटमध्ये.

"सॉरी, माधे. आय पॅनिक्ड. हेल्प मागितली असती तर पोलीस आले असते. माझं वर्क परमिट एक्स्पायर झालंय, तुला बोलले नव्हते. वाटलं, कुणीतरी येईलच तुझ्याकडे."

"नाव न सांगता नुसता फोन तरी करायचास. कुणालाही."

ती नुसती सॉरी-सॉरी करत राहिली.

"तू मला घळीतून हाक मारलीस का?"

"कधी? मी तर उतरले आणि तशीच निघाले. दुपारी हायवेवर होते."

तिच्या परमिटचं मी कुणाला सांगितलं असतं? अर्ध्या पोळीवर दिवस काढलेत आम्ही. खरं सांगून तिने मागितली असती, तर ती बाटलीही मीच तिच्या हातात दिली असती. हे आठवलं की अजून आतून पेटते.

उन्हाने भास झाला, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण भास माझ्या डोक्यात असेल तर मेंढ्यांनी कान कशाला वळवले? आणि त्या मला का आडव्या आल्या, मी दगड मारूनही? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

मी महिन्याभरात बेसमेंट सोडलं. रूपालीचा फोन अजून येतो, दर दिवाळीला, दुपारचा. एकदा पूर्ण वाजून बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा वाजतो. मी फोन हातात धरून बसते, उचलत नाही... तिसऱ्यांदा आला तर उचलायचा, असं ठरवलंय.

अजून आलेला नाही.