हातभर अंतर

बांधावर ओळीने काढून ठेवलेल्या चपला... डिंगोऱ्याच्या आमच्या शेताची हीच आठवण मला आधी येते. कांद्याच्या वावरात बिनधास्त घुसणाऱ्या बायका त्या वर्षी ओढ्याकाठच्या पट्टीत मात्र अनवाणी उतरत, कारण तिथे आईने तुळस लावली होती – औषधांसाठी वाळला पाला विकायला. आप्पा, माझे वडील, म्हणाले होते, "कर एक हंगाम. पर जमायचं न्हाई तुला." आईला ते फार लागलं होतं.

पण हाताला सवय कांद्याची! वीतभर अंतरावर रोपं लागली, वर शेणखत सढळ हाताने पडलं आणि श्रावणात ती पट्टी अशी माजली की पाऊल ठेवायला जागा उरली नाही. वरून हिरवंगार, वाकून पाहावं तर बुडाची पानं काळी, आणि लवंगेसारख्या त्या उग्र सुगंधाखाली कुजकट, ओला दर्प... पाला घेणारा माणूस म्हणाला, "हातभर अंतर हवं. एकाआड एक रोप उपटा, नाहीतर सगळंच जाईल."

कामाला येणाऱ्या पारूमावशींनी कानाला हात लावले. "तुळस उपटायची? बाय, हे पाप आमी न्हाई घेनार." बाकीच्या बायकाही हात बांधून उभ्या. आईने स्वतः एका रोपाला हात घातला, पण तिचाही हात थांबला. ती मटकन बांधावर बसली.

मग एकदम उठून म्हणाली, "मावशी, तुमच्या दारात तुळस हाय का?"

"व्हती. उन्हाळ्यात वाळली."

"मग मुळासकट न्या की! दारात लावायला न्यायचं कसलं पाप?"

मावशी फस्सकन हसल्या. "लई वस्ताद हायेस गं!"

दोन दिवस पाट्याच्या पाट्या गावात गेल्या. वृंदावनं कमी पडली तेव्हा तेलाचे डबे, फुटक्या बादल्या पुढे आल्या; काही रोपं एसटीने घोडेगावच्या आत्याकडे गेली. शेवटी तर मला पाटी घेऊन येताना पाहून बायका दार लोटून घेत!

उघडीप पडली. वारा ओळींतून आरपार फिरला, बुडं सुकली, नवी फूट आली. आई पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली – पदर कुठेही न अडकता – आणि तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की हायसं वाटून मीच रडले.

पाला विकला गेला. पुढे घेणारा फिरकला नाही, पट्टीत पुन्हा कांदा आला... आई जाऊनही आता काही वर्षं झाली. कुणी तुळशीचा विषय काढला की आप्पा खाली बघतात, आणि न विचारता सांगतात, "चुकलो व्हतो मी. तिला जमलं."