मंगळवारचं ताट

वर्ना क्रेमरला सिनेमा मुळीच आवडत नसे, आणि तरीही दोन वर्षांत तिने एकही मंगळवार चुकवला नव्हता. ओहायोतल्या त्या गावात काचेचा कारखाना बंद पडला, तसं अल्हाम्ब्रा थिएटरही ओस पडायला लागलं. तेव्हा मालक फिंचने शक्कल लढवली. मंगळवारी तिकीट काढणाऱ्या प्रत्येक बाईला चिनी मातीचं एक भांडं फुकट. या आठवड्यात कप, पुढच्या आठवड्यात बशी. कप घरी आला की बशीसाठी जाणं आलंच, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. बघता बघता गावातल्या झाडून सगळ्या घरांत तीच निळ्या काठाची भांडी झाली.

भांडं दारातच हातात पडे आणि सिनेमा संपेपर्यंत मांडीवर राही. पडद्यावर नायिकेचं काही बरंवाईट झालं की एखादी बाई रुमाल काढायला हात उचले, आणि अंधारात खळ्ळकन आवाज होई. लगेच वर्ना ओरडे, "चला, आणखी एकीचं ओझं कमी झालं!" सगळं थिएटर हसे.

"तुला कधीच कसं रडू येत नाही गं?" शेजारीण एडना पर्डी विचारी. तिची स्वतःची तीन भांडी अशीच गेली होती.

"पगार घेऊन रडतात त्या पडद्यावरच्या सटव्या! वाडा पुठ्ठ्याचा, बर्फ साबणाचा. मी कशाला रडू?"

कारखाना बंद झाला त्या दिवशीही ती रडली नव्हती. नवरा ऑटो लाकडांच्या खोपटामागे जाऊन रडला, तेव्हा तिने दिसलंच नाही असं दाखवलं होतं.

जूनमध्ये मुलीचं, लोरेटाचं लग्न होतं. तिला देण्यासारखं घरात दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून निदान भांड्यांचा संच तरी पुरा द्यायचा, एवढाच वर्नाचा हट्ट होता. राहिलं होतं फक्त मांस वाढायचं मोठं ताट. ते मिळायचं एकाच मंगळवारी. पुढच्या आठवड्यापासून नवी नक्षी सुरू होणार होती.

"मी येऊ का ताट धरायला?" ऑटोने विचारलं.

"तू? कोंबडी कापतानाही तुझे डोळे भरतात. घरीच बस."

त्या दिवशीच्या सिनेमात मुलगी लग्न होऊन निघाली होती. वर्नाने नेहमीप्रमाणे आधी पुठ्ठ्याची भिंत शोधली. पण पडद्यावरची आई ना रडली, ना गायली. तिने मुलीची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "गळ्याशी बटण लाव, बाहेर वारा आहे." वर्ना रोज सकाळी लोरेटाला हेच सांगायची. तिचा हात आपोआप डोळ्यांकडे गेला.

ताट मोठं होतं, आवाजही तसाच झाला.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वर्नाला वाटलं. थोड्या वेळाने अंधारातून एडनाचा आवाज आला, "वर्ना, रुमाल देऊ?"

फिंचकडे एकही ताट उरलं नव्हतं. आठवडाभर वर्ना कुणाशी धड बोलली नाही. गर्वाचं घर खाली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

लग्नाच्या दिवशी गावच्या रिवाजाप्रमाणे शेजारणी आपापला पदार्थ घेऊन आल्या, आणि प्रत्येकीने तो निळ्या काठाच्या मोठ्या ताटातच आणला. टेबल भरून गेलं. "लग्न आहे की फिंचचं दुकान?" ऑटो म्हणाला.

जेवणं झाल्यावर बायकांनी ताटं धुतली आणि आपापलं टोपलीत घालून निघाल्या. टेबलावर एक उरलं. वर्ना ते घेऊन दारात धावली.

"अगं, कुणाचं राहिलं हे?"

कुणाचंच नव्हतं. सगळ्या आपापली टोपली घट्ट धरून उभ्या होत्या. एडनाची तेवढी वाऱ्यावर हेलकावत होती.

"एडना, हे तुझं आहे."

"माझं माझ्या टोपलीत आहे."

"खोटं बोलतेस!"

"मग सिद्ध कर," एडना म्हणाली. "सगळी सारखीच आहेत."

वर्नाने ताट उलटंपालटं करून पाहिलं. ती आत आली आणि भांड्यांचा संच भरलेल्या लोरेटाच्या पेटीपाशी बसली. ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं, त्यामुळे डोळे पुसायला हातच मोकळा नव्हता. ऑटो खिडकीबाहेर बघत राहिला, त्याला काही दिसलंच नाही असा.